पांढऱ्या संगमरवराचा वारसा : नव-अभिजात शैली आणि मराठी मन



कारेलीबागेतील या विद्यामंदिराने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. शिक्षकाच्या स्मृतीला वाहायचे फूल विचारांचेच असावे, असा संकेत आहे. तो पाळण्याचा हा यथामती प्रयत्न आहे.

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. युरोपातील वास्तुकला आणि शिल्पकला यांतील नव-अभिजात शैली हा विषय. आणि वक्ता मात्र जन्मभर मराठी शिकवलेला एक निवृत्त प्राध्यापक! या दोहोंचा मेळ कसा बसावा? माझे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘अभिजात’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांबरोबर मराठीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपण सर्वांनी पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. परंतु सन्मानाच्या शब्दाचा अर्थ पुरता न उमगता तो अंगावर मिरवणे धोक्याचे असते. युरोपने अठराव्या शतकात हाच शब्द हाती घेऊन एक मोठा उद्योग आरंभला होता. त्या उद्योगातून काय घडले आणि काय बिघडले, हे आपण समजून घेतले तर आपल्या भाषेच्या नव्या दर्जाचे काय करायचे, याला काही दिशा मिळेल.

१. शब्दाचे कूळ

‘अभिजात’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन असा आहे. इंग्रजीतील ‘क्लासिकल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचे कूळही असेच श्रीमंती आहे. रोममध्ये नागरिकांचे मालमत्तेप्रमाणे वर्ग पाडलेले असत. त्यांतील सर्वांत वरच्या वर्गातला तो ‘क्लासिकस’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या ग्रंथकाराने तो शब्द लेखकांना लावला, आणि वरच्या वर्गातला लेखक म्हणजे प्रमाण मानावा असा लेखक, असा अर्थ रूढ झाला. तेव्हा एक शब्द जन्माचा आहे, दुसरा धनाचा. गुणाचा अर्थ दोघांनाही मागाहून चिकटला.

‘नव-अभिजात’ या शब्दात म्हणूनच एक गंमत आहे. जो त्या कुळात जन्मला नाही, पण ते कूळ आपले म्हणू पाहतो, तो नव-अभिजात. दत्तक जाणाऱ्याला नव्या घराचे नाव मिळते. ते घर त्याचे होते की नाही, हे पुढे तो काय करतो यावर ठरते. गायकवाडांच्या बडोद्याला दत्तकाची थोरवी मी निराळी सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन या नगराचा सयाजीराव झाला, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

२. युरोपचा उद्योग

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही रोमन नगरे अनुक्रमे १७३८ आणि १७४८ पासून पद्धतशीरपणे उकरली जाऊ लागली. घरे, भिंतींवरची चित्रे, दिवे, भांडी, पुतळे बाहेर आले. पुराणवस्तू म्हणजे ग्रंथातील वर्णन, ही समजूत मागे पडली. प्राचीन जग डोळ्यांना दिसू लागले. तेव्हाच्या युरोपीय दरबारांत बरोक आणि रोकोको या शैलींची चलती होती. वळणावर वळण, सोनेरी वेलबुट्टी, शिंपले आणि फुलांचे गुच्छ यांनी भिंती भरून गेल्या होत्या. त्या अतिरेकाला कंटाळलेल्या मनाला ग्रीक मंदिराचा साधा खांब फार मोठा दिलासा वाटला.

या नव्या दृष्टीला तत्त्वज्ञान दिले ते योहान योआखिम विंकेलमान या जर्मन विद्वानाने. तो एका गरीब चांभाराचा मुलगा. १७५५ साली त्याने ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणावर एक निबंध लिहिला आणि १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध केला. साधेपणातील उदात्तता आणि संयमातील भव्यता हा ग्रीक कलेचा प्राण होय, अशी त्याची शिकवण. हा मनुष्य ग्रीसला कधीच गेला नाही. रोममध्ये बसून त्याने जे पुतळे न्याहाळले, त्यांतील बहुतेक ग्रीक पुतळ्यांच्या रोमन काळातील नकला होत्या. तरी त्याच्या लेखणीने युरोपची अभिरुची पालटली.

दुसरीकडे जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट या दोन इंग्रजांनी प्रत्यक्ष अथेन्सला जाऊन तेथील अवशेषांची मापे घेतली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ साली निघाला. त्या मापांवरून इंग्लंडात खांब उभे राहू लागले. रॉबर्ट अ‍ॅडमने श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे रूप बदलले. जोसाया वेजवुडने आपल्या चिनी मातीच्या कारखान्यात निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ग्रीक आकृती असलेली भांडी काढून ही अभिरुची चहाच्या टेबलापर्यंत नेली. पॅरिसमध्ये सूफ्लोने पँथिऑनची इमारत रचली. दाव्हीदने १७८४ साली ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे चित्र रंगवले. इटलीत कानोव्हाच्या छिन्नीखाली संगमरवर मेणासारखा मऊ झाला.

या शैलीची ओळख सोपी आहे. दर्शनी भागी उंच खांबांची ओळ, तिच्यावर त्रिकोणी शिरोभाग, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, अलंकार मोजका आणि रंग पांढरा. या पांढऱ्या रंगाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. कारण तो ग्रीकांचा नव्हताच! ग्रीकांनी आपले पुतळे आणि मंदिरे तांबड्या, निळ्या, सोनेरी रंगांत रंगवली होती. ऊन, पाऊस आणि माती यांनी शतकानुशतके ते रंग धुऊन नेले आणि उरला नुसता दगड. कात्रमेर द कँसी या फ्रेंच पंडिताने १८१५ च्या सुमारासच रंगांचा पुरावा मांडला. परंतु पांढऱ्या सौंदर्याची चटक लागलेल्या युरोपला तो रुचला नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये तर १९३७-३८ साली पार्थेनॉनच्या शिल्पांचा पृष्ठभाग आणखी पांढरा दिसावा म्हणून हत्यारांनी खरवडला गेला. काळाने जे अर्धे केले होते, ते माणसाने पुरे करू पाहिले. अभिजाताची कल्पना मूळ वस्तूहून बलवान झाली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

३. तंजावर : एका मराठी राजाचा संगमरवर

ही शैली भारतात आली ती कंपनी सरकारच्या पाठोपाठ. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०३ साली पुरा केलेला राजप्रासाद अ‍ॅडमने घडवलेल्या केडलस्टन हॉलच्या धर्तीचा होता. राज्यकर्त्यांच्या हातात खांबांची ओळ ही सत्तेची भाषा होती. पाहणाऱ्याने खाली उभे राहून मान वर करावी, हा तिचा अर्थ. परंतु त्याच सुमारास एका मराठी राजाने ही भाषा निराळ्या हेतूने वापरली. तो राजा पुण्याचा किंवा साताऱ्याचा नव्हे, तर तंजावरचा.

दुसरे सरफोजीराजे भोसले १७९८ साली गादीवर आले आणि १८३२ पर्यंत होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, मानमरातब आणि विद्या एवढेच उरले. त्यांनी विद्येचा संसार थाटला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, तंजावरात छापखाना काढला आणि १८०६ साली तेथून ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघाले. ते पुस्तक इसापाच्या गोष्टींचे होते. आरंभीच्या मराठी मुद्रित पुस्तकांतील एक पुस्तक तमिळ देशात छापले जावे आणि त्यात एका ग्रीकाच्या गोष्टी असाव्यात, हा योग विलक्षण आहे.

सरफोजींचे बालपणीचे पालक आणि शिक्षक ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. ते १७९८ च्या फेब्रुवारीत वारले. शिष्याने गुरूचे स्मारक करायचे ठरवले आणि काम सोपवले ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडे. फ्लॅक्समन म्हणजे इंग्लंडातील नव-अभिजात शैलीचा अग्रणी. वेजवुडच्या भांड्यांवरील आकृती त्याने आखल्या होत्या, सात वर्षे रोममध्ये राहून अभ्यास केला होता, होमरच्या महाकाव्यांसाठी त्याने काढलेली रेखाचित्रे सर्व युरोपात नावाजली होती. १८०७ च्या सुमारास त्याने घडवलेले संगमरवरी उठावशिल्प तंजावरच्या शिवगंगा बागेतील ख्रिस्तमंदिरात आजही आहे. मृत्युशय्येवर वृद्ध श्वार्ट्झ पडले आहेत. शेजारी पगडी घातलेले सरफोजी त्यांचा हात हातात घेऊन उभे आहेत. जवळ शाळेची मुले आहेत. रचना ग्रीक समाधिशिल्पांची, निरोपाच्या प्रसंगाची. मनुष्य मात्र मराठी, आणि नाते गुरुशिष्याचे.

सरफोजींनी धर्म सोडला नाही. गुरूच्या थडग्यासाठी इंग्रजी पद्यपंक्ती त्यांनी स्वतः रचल्या. आणि त्याच काळात, १८०३ साली, त्या ख्रिस्तमंदिरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांचे मंदिर, मराठी शिलालेख, जर्मन गुरू, इंग्रज शिल्पकार आणि ग्रीक शैली! राज्य गेलेल्या एका राजाने हे सारे एका आवारात नांदवले. तंजावरच्या राजवाड्यात त्यांचा स्वतःचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. रोमन सेनापती हात उंचावून आज्ञा देत उभे राहतात; हा राजा हात जोडून उभा आहे. शैली उसनी, पण मुद्रा स्वतःची.

४. मुंबई : पायऱ्या कोणी चढाव्यात?

तंजावरात शैली मागवणारा मराठी होता. मुंबईत तसे नव्हते. तेथे कंपनीच्या अमलात, कंपनीच्या अभियंत्यांनी टाउन हॉल उभारला. कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८२१ साली काम सुरू झाले. कूपर १८२५ साली वारला आणि इमारत १८३३ साली इतरांनी पुरी केली. रस्त्यावरून तीस पायऱ्या चढून जावे, मग डोरिक शैलीचे भक्कम खांब, वर त्रिकोणी शिरोभाग. हिंदुस्थानातील नव-अभिजात वास्तूंत तिचे स्थान फार वरचे आहे. आत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे उभे राहिले, ते फ्रान्सिस चँट्री या ख्यातनाम इंग्रज शिल्पकाराने घडवलेले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा मुंबईकरांना वाचून दाखवला गेला तो याच पायऱ्यांवरून. सत्ता आणि शैली यांची सांगड याहून स्पष्ट कोठे दिसावी?

याच इमारतीत जेम्स मॅकिंटॉशने १८०४ साली स्थापन केलेल्या साहित्यसभेचे, म्हणजे पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झालेल्या संस्थेचे, बिऱ्हाड आले. आरंभी तिची दारे आपल्या लोकांना बंद होती. माणेकजी कर्सेटजी यांना १८४० साली सभासदत्व मिळाले, तेव्हा ते पहिले भारतीय सभासद ठरले. म्हणजे पौर्वात्य विद्येच्या अभ्यासासाठी निघालेल्या सभेत पौर्वात्य माणसाला पाऊल टाकायला छत्तीस वर्षे लागली.

परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपट आणि शिलालेखांवरील लेखन संस्थेच्या नियतकालिकात आले. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तेथे अजिंठ्याचे कोरीव लेख वाचून दाखवले, कालिदासाच्या काळाची चर्चा केली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले अवशेष-करंडक आणि बुद्धमूर्ती या ग्रीक खांबांच्या आत विसावल्या. भगवानलाल जुनागढचे, सोपारा उत्तर कोकणातले. गुजराती विद्वानाने मराठी भूमीच्या पोटातून बौद्ध ठेवा काढून युरोपीय वास्तूत ठेवला. १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. विसाव्या शतकात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी याच ग्रंथालयाचा आधार घेत ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिला. त्याचे खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

तेव्हा टाउन हॉल आपला झाला तो खांबांमुळे नव्हे. खांब तेच राहिले. पायऱ्या चढणारे बदलले आणि आत बसून वाचणारे बदलले. वास्तूवरचा हक्क किल्लीने जितका मिळतो त्याहून अधिक वापराने मिळतो.

टाउन हॉल उभा राहत होता, त्याच वर्षांत मराठी भाषेचेही मोजमाप चालू होते. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३२ च्या ६ जानेवारीला ‘दर्पण’ सुरू झाले, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. अथेन्सच्या खांबांची मापे घेणारी दृष्टी आणि भाषेचे नियम बांधणारी दृष्टी या एकाच युगाच्या लेकी. नियम आवश्यक होते. त्यांच्यावाचून पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, न्यायालये चालती ना. मात्र कोशकार मोल्सवर्थची थोरवी ही, की शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने काम करतानाही त्याने कोकणातले आणि देशावरचे बोलीतले शब्द टिपले व त्यांची जात वेगळी दाखवली. त्याच्या कोशात रंग राहिला. तो धुतला गेला मागाहून, आपल्या शाळांतून, ‘अशुद्ध’ या एका शेऱ्याखाली.

५. एका विद्यार्थ्याचा हात

मुंबईतच १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत ही शैली तिसऱ्या वाटेने आली, ती प्लास्टरच्या नकलांमधून. ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून काढलेले प्लास्टरचे ठसे वर्गात मांडलेले असत आणि विद्यार्थ्याने त्यांवरून हात बसवावा, असा शिरस्ता होता. या पद्धतीवर पुढे कठोर टीका झाली. आपल्या मुलांना आपली लेणी न दाखवता परक्यांच्या नकलांच्या नकला गिरवायला लावणे हे मनाचे दास्य होय, असे स्वदेशीच्या काळात अनेकांनी म्हटले. त्या टीकेत तथ्य आहे, हे मी मान्य करतो.

परंतु त्याच वर्गातून गणपतराव काशिनाथ म्हात्रे निघाले. १८९६ साली, अठरा-वीस वर्षांच्या वयात, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही प्लास्टरची मूर्ती घडवली. देवळाकडे निघालेली एक तरुणी. हाती पूजेचे साहित्य, अंगावर नऊवारी लुगडे. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिला रौप्यपदक मिळाले आणि जॉर्ज बर्डवुडसारख्या इंग्रज जाणकाराने विलायतेत तिची वाखाणणी केली. तिच्या अंगावरून उतरणाऱ्या लुगड्याच्या चुण्या पाहाव्यात. अंगाला बिलगणाऱ्या वस्त्रातून देहाचे वळण सुचवणे ही ग्रीक शिल्पाची हातोटी. ती म्हात्र्यांनी ठशांवरून शिकून घेतली खरी; पण नऊवारीचा काष्टा, निऱ्या आणि पदर कसा पडतो हे कोणत्या ग्रीक पुतळ्याने त्यांना शिकवले असते? ते त्यांनी आपल्या घरीदारी, आपल्या आया-बहिणींच्या चालण्यात पाहिले होते. नियम वर्गात मिळाला, निरीक्षण अंगणात. दोहोंची गाठ पडली तेव्हा मूर्ती जिवंत झाली.

६. बडोदे : निवड करणारा राजा

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे खंडेराव महाराजांनी १८७० साली इटालियन धर्तीवर मकरपुऱ्याचा राजवाडा बांधला होता. सयाजीरावांच्या काळात मेजर चार्ल्स मँटने लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला. तो १८८१ साली वारल्यावर रॉबर्ट चिझम याने काम पुढे नेऊन १८९० साली संपवले. लक्ष्मीविलास नव-अभिजात नाही. घुमट, झरोके, कमानी, छत्र्या यांचे ते संमेलन आहे. डावी बाजू उजवीसारखी असावी असा हट्ट तेथे नाही. मात्र त्या वास्तूच्या आत इटालियन शिल्पकार आगुस्तो फेलिचीची ब्राँझ आणि संगमरवरी शिल्पे आहेत, आणि भिंतींवर राजा रविवर्म्याने बडोद्यासाठी काढलेली पौराणिक चित्रे होती. त्या चौदा चित्रांत पात्रे महाभारत-रामायणातली आणि अंगकांती, छायाप्रकाश, हावभाव युरोपीय रंगपरंपरेतले आहेत. आपल्या शेजारच्या सयाजीबागेजवळचा ‘काळा घोडा’, म्हणजे महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९०७ चा. तो डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने घडवला. रोमन सम्राटांपासून चालत आलेली अश्वारूढ पुतळ्याची परंपरा. पण बडोदेकरांनी त्याला रंगावरून घरगुती नाव देऊन टाकले आणि तो चौकातला शेजारी झाला.

महाराजांचे रोमशी नाते केवळ पुतळ्यापुरते नव्हते. गिबनने अठराव्या शतकात लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांनी बारकाईने वाचला आणि त्यावरील टिपणांतून १८९६ साली ‘फ्रॉम सीझर टु सुलतान’ हे इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. रोमची भव्यता पाहून इंग्रज गव्हर्नराला खांब बांधावेसे वाटले. ती वाचून बडोद्याच्या राजाने राज्ये का पडतात, याचा विचार केला. अमरेली भागात १८९३ साली प्रयोग करून १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणे, १९१० पासून गावोगावी ग्रंथालये पोचवणे ही त्या विचारातून आलेली कृती होय, असे मला वाटते. प्राचीनांचे खरे अनुकरण असे असते. त्यांचे रूप नव्हे, त्यांचा प्रश्न उचलायचा.

७. रंग ठेवायचा की पुसायचा?

सुहृदहो, हा सारा प्रवास मी केला तो आपल्यापुढे एक प्रश्न ठेवण्यासाठी. मराठी अभिजात ठरली. आता आपण तिचे काय करणार? विंकेलमानच्या युरोपने केले तेच करण्याचा मोह आपल्यालाही होईल. हालाच्या गाथेपासून लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरीपर्यंतची ग्रंथसंपदा चौथऱ्यावर ठेवायची, तिच्यावर पांढरा प्रकाश सोडायचा आणि बाकीचे सारे बोलणे हिणकस ठरवायचे. परंतु त्या ग्रंथांचे अंतरंग काय सांगते? गाथासप्तशतीत शेतकरी, वाटसरू, गावंढळ तरुण-तरुणी यांचे जग आहे. लीळाचरित्रात बाजार, रस्ते, मठ, घरे यांतील माणसे आपापल्या तोंडाने बोलतात. ज्ञानदेवांनी १२९० साली गीता सांगितली ती लोकांच्या भाषेत. म्हणजे आपले अभिजात साहित्य जन्मतःच रंगीत होते. ते पांढरे करण्याचा उद्योग आपण करू, तर पार्थेनॉनचे दगड खरवडणाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरणार नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळून टोचतो. घरात मराठी, पेठेत गुजराती, कचेरीत इंग्रजी असा आपला तीन पिढ्यांचा संसार आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपल्या बोलण्यातले गुजराती वळण ऐकून गालात हसतात, आणि आपण ओशाळतो. ओशाळण्याचे कारण नाही. ज्या उसळीवर शेव पेरून या नगराने तिला आपली शेव-उसळ केली, ती उसळ मूळची कोणाची यावर कोणी वाद घालत नाही. सकाळी रांग लावून खातात. आपल्या बोलीवरचे गुजराती वळण हा तिच्यावरचा डाग नाही, तो रंग आहे. दोनशे-अडीचशे वर्षे गुजरातेत नांदलेल्या मराठीने तो अंगी लावून घेतला आहे. खरी चिंता निराळीच आहे. आपल्या घरांतील पुढची पिढी मराठी बोलते, पण तिला देवनागरीत चार ओळी लिहिणे जड जाते. वळणाची लाज वाटून मुलाने मराठी बोलणेच सोडले, तर खरवडायलासुद्धा काही उरणार नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची बडोदी मराठी लिहून ठेवा. त्यांच्या म्हणी, स्वयंपाकघरातले शब्द, बाजारातले हिशेब, जुनी पत्रे, शाळेच्या वह्या. मोल्सवर्थने बोलीतला शब्द टिपताना तो कोठला हे दाखवले, तसे आपणही दाखवावे. शाळेने त्यासाठी एक कपाट द्यावे आणि वर्षातून एक दिवस मुलांना ते वाचायला बसवावे. एवढ्याने भाषा तरेल असा भाबडा दावा मी करत नाही. पण टाउन हॉलच्या पायऱ्या आपल्या लोकांनी चढल्या, तेव्हाच ती वास्तू आपली झाली. तसे अभिजाततेचेही आहे. दर्जा दिल्लीहून आला, वापर कारेलीबागेतून व्हायचा आहे.

सरफोजींनी ग्रीक शैलीत आपला गुरू ठेवला, म्हात्र्यांनी तिच्यात आपले लुगडे ठेवले, तेलंग-काण्यांनी तिच्या छपराखाली आपली विद्या ठेवली. उसने घेण्यात कमीपणा नव्हता. त्यात आपले काही न ठेवण्यात होता. मग जे मुळातच आपले आहे, त्यात आपला रंग ठेवायला आपण का कचरावे?